कायबी खानावळ

(लातूर. ट्यूशन एरियातल्या गल्लीत रस्त्यालगतचा नवा गाळा. शिडीवर कंधारचे पेंटर मुज्तबा, खाली खुर्चीत गुरुबसप्पा. त्यांची बायको शरणम्मा पिठाच्या हातानं आतून बाहेर येते.)

शरणम्मा : यव्वा! मुज्तबाभाई, हे काय लिहून ठेवलंय वर?

मुज्तबा : खडूनं आखलंय मावशी, रंग भरला न्हाई अजून. 'खानावळ' झालंय बघा, पक्क्या रंगात. त्याच्या वरचं नाव काय म्हनून मालकांना इचारलं. त्यांनी सांगितलं ते आखलं.

शरणम्मा : 'कायबी'?

मुज्तबा : हाव. कायबी खानावळ. मला बी जरा वेगळंच वाटलं. पन म्हनलं, आजकाल लोक असलीच नावं ठेवून राहिलेत. परवा नांदेडात एकाचा बोर्ड केला, 'बसा की राव' म्हनून. मला काय, अक्षर चांगलं आलं म्हंजे झालं.

शरणम्मा : अहो, ऐकलं का? तुम्ही ह्यांला काय सांगितलं?

गुरुबसप्पा : इचारलं, नाव काय लिहू. म्हनलं, कायबी लिही.

शरणम्मा : झालं!

मुज्तबा : तौबा! म्हंजे ते नाव न्हवतं?

शरणम्मा : नाव कसलं डोंबलाचं! ते ह्यांचं उत्तर हाय. लग्न होऊन ह्या घरात आले तवापासून हेच एक उत्तर ऐकून राहिले मी. भाजी काय करू? कायबी. भाकरी का चपाती? कायबी. उदगीरला लुगड्याच्या दुकानात घेऊन गेले ह्यांला. दुकानदारानं ही एवढी थप्पी लावली पुढं. म्हनलं, हिरवं घेऊ का जांभळं? तर म्हनले, कायबी घे, आन् गेले बाहेर पान खायला. पोराच्या बारशाला म्हनले, कायबी ठेवा. नणंदबाईनं संगमेश्वर ठेवलं म्हनून बरं, न्हाईतर शाळेच्या हजेरीत मास्तरानं हाक मारली असती, कायबी, हजर हाय का!

गुरुबसप्पा : संगमेश्वर चांगलं नाव हाय.

शरणम्मा : बघा! हे आता सांगून राहिलेत. पोराला पोरगं झाल्यावर.

मुज्तबा : पुसतो मग. जरा ओलं फडकं द्या वर. पन मावशी, नाव मला आत्ताच्या आत्ता पाहिजे. उद्या तुमचं उद्घाटन. मला सांजच्या गाडीनं कंधार गाठायचं, उद्या हिमायतनगरला एका दुकानाचं शटर रंगवायचं कबूल केलंय. आन् हा ऑइल पेंट, सुकायला वेळ मागतोय.

शरणम्मा : हे घ्या फडकं. काळजी करू नका, नाव आत्ता ठरतंय. चक्र हाय की घरात.

मुज्तबा : कसलं चक्र?

शरणम्मा : मोबाइलातलं. आमच्या सूनबाईनं घालून दिलंय, मंजुषानं. शाळेत मास्तरीन हाय ती. आता तुमच्यापाशी काय लपवायचं, ह्या खानावळीत भाकऱ्या थापायचा मला कधी कंटाळा आला न्हाई. ताप एकच, सकाळी उठून भाजी काय करायची! पोरं सगळी ट्यूशनची. कोन देवणीचं, कोन तुमच्या कंधारचं. एकाला वांग्यानं खाज सुटती. एकानं कारलं जन्मात बघितलं न्हाई. एकाला तिन्ही त्रिकाळ बटाटाच पाहिजे. मी आपली भाजीच्या पाटीपुढं उभी. ह्यांला इचारावं तर…

मुज्तबा : कायबी.

शरणम्मा : कायबी! मंग मी वांगं उचलायची, परत ठेवायची. भेंडी उचलायची, परत ठेवायची. आमची भाजीवाली केवळाबाई म्हनायची, अव्वा, माझी भाजी तुमच्या हातातच सुकली की हो! शेवटाला मंजुषा म्हनली, आत्या, थांबा, तुमचा इलाज करते. आन् तिनं ते चक्र घातलं मोबाइलात. गोल असतंय, रंगीत, जत्रंतल्या चक्रावानी. एकेका खणात एकेक भाजी लिहायची आन् बोट लावायचं. गरगर फिरतंय आन् थांबतंय. काटा जिथं, ती भाजी. विषय संपला.

मुज्तबा : इतकं सोपं?

शरणम्मा : लई सोपं. आता पोरंच सकाळी दारात येऊन भांडत्यात, आज्जी, मी फिरवतो, आज्जी, माझा नंबर. आन् जे आलं ते गुमान खात्यात. माझ्यावर रुसता येतंय, चक्रावर कोन रुसनार?

गुरुबसप्पा : दोडकं सांग.

शरणम्मा : काय दोडकं?

गुरुबसप्पा : दोडकं आलं की काय करतीस, ते सांग ह्याला.

शरणम्मा : परत फिरवते! त्यात काय चोरी हाय? एवढ्या पोरांच्या दोडक्याच्या शिरा काढत बसायला मला सवड न्हाई. आन् शेपू तर मी भरलाच न्हाई त्यात, आदीच सांगते. शेपू घरात कुनीच खात न्हाई.

गुरुबसप्पा : हं.

मुज्तबा : म्हंजे मावशी, चक्र तुम्हाला भिऊन फिरतंय!

शरणम्मा : माझी अव्वा अशीच होती. देवणीला देवीपुढं कौल लावायची. फूल उजव्या अंगानं पडलं तर काम करायचं, डाव्या अंगानं पडलं तर न्हाई. डाव्या अंगानं पडलं की म्हनायची, आई झोपेत हाय वाटतं, आन् परत फूल लावायची. तिचीच पोरगी मी. आता माझा कौल मोबाइलात आला, एवढाच फरक.

मुज्तबा : मग लावा कौल. नावं कोनती कोनती हायेत त्यात?

शरणम्मा : मंजुषानं काल भरून ठेवलीत. सिद्धेश्वर हाय, गुरुकृपा हाय, अन्नपूर्णा हाय, संगमेश्वर हाय. अजून एक कायतरी हाय.

गुरुबसप्पा : वीरभद्र.

मुज्तबा : अन्नपूर्णा नको मावशी. ह्या गल्लीत येता येताच मला तीन अन्नपूर्णा भेटल्या. तिसरी तर दुसरीच्याच डोक्यावर, वरच्या मजल्यावर.

शरणम्मा : तेच तर! म्हनून तर ठरत न्हाई.

मुज्तबा : आतापर्यंत लोक काय म्हनायचे? खानावळ मागच्या पडवीत होती तवा?

शरणम्मा : तवा कुठलं नाव आन् कुठला बोर्ड! ह्यांच्या नावानं ओळखत्यात.

मुज्तबा : हां, गुरुबसप्पाची खानावळ! मी स्टँडवर रिक्षावाल्याला तेच सांगितलं, बरोबर दारात आनून सोडलं त्यानं. मग तेच लिहू ना. चालतं नाव हाय.

गुरुबसप्पा : नको.

शरणम्मा : का हो? बरं हाय की.

गुरुबसप्पा : नको म्हनलं ना.

मुज्तबा : अरे व्वा! मावशी, 'कायबी' सोडून दुसरा शब्द आला.

शरणम्मा : तब्येत बरी न्हाई वाटतं आज.

मुज्तबा : न्हाई न्हाई, फोनवर बी मालक असेच ठासून बोलले. मीच म्हनलं, मालक, आता फ्लेक्सचा जमाना. गल्लीच्या तोंडावर छापून मिळतंय, मला कंधारहून कामून बोलवता? तर म्हनले, फ्लेक्स दोन उन्हाळ्यात पांढरा पडतो. हे नाव पांढरं पडायचं न्हाई. तूच ये.

शरणम्मा : हे म्हनले?

मुज्तबा : ह्याच शब्दांत. मालक आडतीवर मुनीम होते तवा तिथला बोर्ड मी रंगवला होता. आडत बंद पडून जमाना झाला, पन अक्षर बघा जाऊन, अजून भिंतीवर जसंच्या तसं हाय. ते ध्यानात ठेवून बोलावलं मला. मी तर खूश झालो.

शरणम्मा : मला तर म्हनले, पेंटर येतोय. मी म्हनलं, कोन? तर म्हनले, कोनबी.

मुज्तबा : आडत गेल्यावरच ही खानावळ काढली ना तुम्ही?

शरणम्मा : काढली कुठं, आपोआप निघाली. आडत गेली तवा हे घरात बसून. बोलत न्हाईत, जेवत न्हाईत, नुसतं छताकडं बघत्यात. शेजारच्या खोलीत एक पोरगं रहायचं, दयानंद म्हनून. ट्यूशनला आलेलं, बिस्किटं खाऊन अभ्यास करायचं. मी म्हनलं, ये रे बाबा, माझ्याकडं दोन भाकरी जास्तीच्या होत्यात. खरं म्हंजे जास्तीच्या न्हवत्या. पन ते आलं. त्यानं त्याच्या जोडीदाराला आनलं, त्या जोडीदारानं अजून एकाला आनलं. बघता बघता पडवी भरली. हे उठून ताटं मांडाय लागले. पोरांत बसून ह्यांला बी घास जायला लागला.

मुज्तबा : आन् ते पोरगं?

शरणम्मा : डॉक्टर झालं की! माझ्या हातचं खाऊन डॉक्टर झालं. त्याच्या लग्नाची पत्रिका आली मागं, सोनेरी अक्षराची. वर ह्यांचं नाव काका म्हनून, आन् पुढं 'व काकू'. मी मंजुषाला म्हनलं, बघ गं, मी 'व काकू' हाय!

मुज्तबा : त्याला तुमचं नाव म्हाईत न्हवतं?

शरणम्मा : कुनाला म्हाईत हाय? पोरं आज्जी म्हनत्यात. सिलिंडरवाला मिसेस म्हनतो. सून आत्या म्हनती. हे तर 'ऐकलं का' म्हनत्यात, न्हाईतर 'संगमेश्वरची अव्वा'. माझी अव्वा होती तवर देवणीला गेलं की दारातनंच नावानं हाक यायची. अव्वा गेली, नाव बी तिच्याबरोबर गेलं. कधी कधी वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पन चालायचंच.

मुज्तबा : मग मावशी, बोर्डावर तुमचंच नाव लिहू का?

शरणम्मा : इश्श! कायतरीच काय! बाईमानसाचं नाव असं रस्त्यावर? येनारा जानारा वाचनार. आन् देवाची नावं सोडून माझं? नको बाई. मोबाइल कुठं हाय, चक्र फिरवू.

गुरुबसप्पा : घे. फिरव.

शरणम्मा : अगबाई! तुमच्याकडं कसा? सकाळपासून हुडकून राहिले मी.

गुरुबसप्पा : चार्जिंगला लावला होता. फिरव लवकर.

शरणम्मा : आज एवढी कसली घाई तुम्हाला? चष्मा आत राहिला माझा. मोठं अक्षर दिसतंय, मोबाइलातलं दिसत न्हाई. मुज्तबाभाई, खाली या जरा. तुम्ही धरा आन् तुम्हीच वाचा, मी पदराला बोट पुसून नुसतं लावते. थांबा, आदी हात जोडते. बाबा सिद्धेश्वरा, तुझ्या मनात असंल ते नाव येऊ दे. हं, लावलं. फिरलं का?

मुज्तबा : फिरून राहिलंय… हळू झालं… थांबलं.

शरणम्मा : काय आलं?

मुज्तबा : हे नाव तर तुम्ही मघा सांगितलंच न्हवतं.

शरणम्मा : अहो बोला की. अन्नपूर्णाच आली ना? मला वाटलंच होतं.

मुज्तबा : मावशी, तुमचं नाव काय हो?

शरणम्मा : आता माझं नाव कशाला? चक्रात काय आलं ते सांगा.

मुज्तबा : तेच सांगून राहिलो. शरनम्मा आलंय.

शरणम्मा : मुज्तबाभाई, म्हातारीची मस्करी करू नका.

मुज्तबा : अल्ला कसम! हे बघा, काटा हितं, आन् हितं लिहिलंय शरनम्मा. तुम्हीच का त्या?

शरणम्मा : मीच! पन हे मंजुषाचं काम. लई आगाऊ पोरगी! देवांच्या रांगेत सासूला बसवून ठेवली. येऊ दे शाळेतनं, बघते तिला. परत फिरवा.

गुरुबसप्पा : कामून? आलं ते आलं. चक्रावर कोन रुसनार?

शरणम्मा : माझंच बोलनं मला वाढू नका. आई झोपेत असंल. परत फिरवा म्हनते मी.

मुज्तबा : लावा बोट. हां… फिरतंय… थांबलं. शरनम्मा.

शरणम्मा : परत?

मुज्तबा : परत शरनम्मा. आता दोन्ही टायमाला आई झोपेतच होती म्हनता का?

शरणम्मा : यव्वा, काटा आला बघा अंगावर! एवढ्या नावांत माझंच कसं येतंय? सिद्धेश्वरा, मी तुझ्या जागेवर बसायला बघत न्हाई रे बाबा. अजून एकदा. आता आलं तर मी काय बोलनार न्हाई.

मुज्तबा : लावा… शरनम्मा. थांबा. थांबा जरा मावशी, ह्या चक्रात दुसरं नावच न्हाई! हे बघा, लाल खणात शरनम्मा, हिरव्यात शरनम्मा, पिवळ्यात बी शरनम्मा. चहूकडनं तुम्हीच बसलात!

शरणम्मा : म्हंजे? मंग सिद्धेश्वर कुठं गेला?

मुज्तबा : त्याला रजा दिली कुनीतरी. वीरभद्राला बी दिली.

शरणम्मा : मंजुषाला फोनच लावते आता.

मुज्तबा : एक मिनिट. सूनबाई काय शिकवती शाळेत?

शरणम्मा : मराठी. न आन् ण वरनं पोरांच्या वह्या लाल करती. मला बी सोडत न्हाई. आत्या, पाणी म्हणा, पानी नव्हे.

मुज्तबा : मग हे तिनं भरलेलं न्हाई. हितं न हाय, नळातला न. शरनम्मा. बाणातला ण पाहिजे होता, तो एका बी खणात न्हाई. अक्षराची चूक माझ्या डोळ्यातनं सुटत न्हाई, धंदाच तो हाय.

शरणम्मा : मंग कोन भरनार? संगमेश्वर नांदेडला नोकरीवर. नातवाला लिहिता येत न्हाई. घरात तर अजून… अहो. अहो, ऐकलं का? तिकडं रस्त्यावर काय बघता?

गुरुबसप्पा : रिक्षा चालली ती.

शरणम्मा : रिक्षा जाऊ द्या. तुम्ही भरलं?

गुरुबसप्पा : हाव.

शरणम्मा : तुम्हाला मोबाइलात लिहिता येतंय?

गुरुबसप्पा : येत न्हवतं. पहाटे उठून शिकलो. एकेक अक्षर हुडकलं. ण काय सापडला न्हाई. लई हुडकला.

मुज्तबा : आन् एवढ्या सगळ्या खणांत?

गुरुबसप्पा : एकदा लिहून बाकीच्यात कसं टाकायचं ते जमंना. मंग दर खनात नव्यानं लिहिलं.

मुज्तबा : क्या बात हाय मालक! दर खणात नव्यानं!

शरणम्मा : अहो पन, सरळ सांगायचं की! काल सगळे बसलो होतो. मंजुषानं तोंडानं इचारलं, मामा, तुमच्या मनात काय नाव हाय? तर म्हनलात कायबी.

गुरुबसप्पा : सगळ्यांसमोर कसं सांगू? नाव घ्यावं लागलं असतं.

मुज्तबा : म्हंजे? मावशीचं नाव तुम्ही कधी घेतलंच न्हाई?

गुरुबसप्पा : लग्नात घेतलं.

शरणम्मा : घेतलं कसलं! बायका दार अडवून उभ्या, नाव घ्या, मगच आत या. मी पदराआडनं कान लावून. हे घामाघूम. शेवटाला कायतरी पुटपुटले. बायका एकमेकींला इचारून राहिल्या, काय म्हनला गं नवरदेव? कुनालाच ऐकू आलं न्हाई. मला बी न्हाई.

गुरुबसप्पा : घेतलं होतं.

शरणम्मा : मला न्हाई ऐकू आलं.

मुज्तबा : मालक, एक इचारू का? रागावू नका. हे चक्रात नावं भरायचं तुमच्या डोक्यात आलं कसं?

गुरुबसप्पा : डोक्यात लई दिवसांपासून होतं. त्या डॉक्टराच्या लग्नात मला पुढच्या खुर्चीत बसवलं. हार घातला. नवरीचा बाप लोकांला सांगत होता, ह्यांच्या घरी जेवून आमचा जावई डॉक्टर झाला. लई अभिमान वाटला मला. छाती अशी फुगली. आन् ही कुठं हाय म्हनून बघितलं, तर मागं बायकांत, कुनाचं तरी लेकरू मांडीवर घेऊन. हार माझ्या गळ्यात. म्हनलं, मी तर नुसती ताटं मांडली. चुलीपुढं तर ही होती. तवाच ठरवलं. कधी बोर्ड लागला तर नाव हिचं.

शरणम्मा : ठरवलं? तुम्ही?

गुरुबसप्पा : जन्मात एकच गोष्ट ठरवली. पन पक्की ठरवली.

शरणम्मा : आन् बाकीचं सगळं कायबी!

गुरुबसप्पा : बाकीचं तू करतीस ते चांगलंच होतंय. मंग त्यात मी काय सांगायचं? कायबी म्हंजे तू करशील ते.

शरणम्मा : हे इतक्या वर्षांत एकदा तरी सांगितलं असतं तर माझं काय भांडन होतं?

मुज्तबा : मावशी, रुसायचं नंतर. आदी माझं काम. मी चढतो शिडीवर. मालक, न का ण?

गुरुबसप्पा : सूनबाईला फोन करून इचार.

मुज्तबा : न्हाई. मी ऐकून लिहिनारा मानूस. ज्याचा बोर्ड त्याच्या तोंडून नाव ऐकल्याशिवाय ब्रश उचलत न्हाई. तुम्ही म्हना, मी लिहितो.

शरणम्मा : अहो, कशाला ह्यांला छळता? मी सांगते ना…

मुज्तबा : मावशी, तुम्ही गप बसा. मालक?

गुरुबसप्पा : शरणम्मा.

मुज्तबा : टेम्पो गेला हो मधनं. वर काय ऐकू आलं न्हाई.

गुरुबसप्पा : शरणम्मा!

मुज्तबा : शेवटचं अक्षर जरा पुसट आलं.

गुरुबसप्पा : शरणम्मा! बाणातला ण! शरणम्मा खानावळ! लिही आता!

शरणम्मा : अहो बास की! ट्यूशनची पोरं थांबून बघून राहिलीत.

गुरुबसप्पा : बघू दे. त्यांला बी कळू दे, आज्जीचं नाव काय हाय.

मुज्तबा : वा मालक, वा! जन्मभर पानी म्हनलात, लोनी म्हनलात, हा ण कुठं जपून ठेवला होता?

गुरुबसप्पा : हिच्यासाठीच होता.

मुज्तबा : मावशी, ह्या टायमाला तरी ऐकू आलं का?

शरणम्मा : आलं. रडू बी आलं, आता काय लपवू? अव्वानंतर आज कुनीतरी हाक मारली बघा. बरं वाटलं मला. लई बरं वाटलं.

मुज्तबा : मग बघा आता. हा श. ह्याची गाठ अशी भरून काढायची, आखडती न्हाई. हा र. आन् हा तुमचा ण. जरा ऐसपैस काढतो, रस्त्याच्या त्या टोकावरनं दिसला पाहिजे. ह्या गल्लीत सगळी देवांची आन् फ्लेक्सची गर्दी. तुमचं नाव एकटं उठून दिसंल, माझी जबान हाय.

शरणम्मा : जास्त मोठं नका काढू हो.

गुरुबसप्पा : काढ मोठं.

मुज्तबा : मालकांचं ऐकतो. आज त्यांचा दिवस हाय. बरं, खाली बारीक अक्षरात प्रोप्रायटर म्हनून मालकांचं नाव टाकू?

गुरुबसप्पा : प्रोप्रायटर ती हाय.

मुज्तबा : मग तुम्हाला काय लिहू?

गुरुबसप्पा : वाढपी.

शरणम्मा : अय्यो! नवऱ्याला वाढपी लिहू बोर्डावर? लोक शेन घालतील माझ्या तोंडात!

गुरुबसप्पा : वाढतोच की मी. चांगला वाढतो. पोरांला इचारून बघ. एका बी पोराला दुसऱ्यांदा मागावं लागलं न्हाई.

शरणम्मा : ते खरं हाय. पन वाढपी न्हाई लिहायचं. मुज्तबाभाई, लिहायचंच असंल तर माझ्या नावाला लागून ह्यांचं नाव लिहा. जोडीनं.

मुज्तबा : लिहितो की. शरणम्मा, आन् पुढं?

शरणम्मा : पुढं ह्यांचं.

मुज्तबा : ह्यांचं म्हंजे कुनाचं? मी ऐकून लिहिनारा मानूस, सांगितलं ना.

शरणम्मा : तुम्हाला म्हाईत हाय! रिक्षावाल्याला सांगून आलात ना?

मुज्तबा : ते रिक्षावाल्याला. आता ज्याचा बोर्ड त्याच्या तोंडून.

शरणम्मा : मुज्तबाभाई, शिडी काढून घेईन हां!

गुरुबसप्पा : राहू दे रे मुज्तबा. नाव घेईल ती सावकाश. मला किती वर्षं लागली! खाली जागा सोडून ठेव.

मुज्तबा : सोडतो. मावशीच्या तोंडातनं नाव आलं की मला फोन करा, मालक. हिमायतनगरात असलो तरी शटर अर्धं टाकून येतो.

शरणम्मा : याच तुम्ही. आन् आज जेवून गेल्याशिवाय गाडी गाठायची न्हाई. अगबाई, बोलता बोलता सांजच्या भाजीचं राहिलंच की! द्या तो मोबाइल, चक्र फिरवते. पन हे काय, ह्यात भाज्या कुठं हायेत? सगळ्या खणांत मीच बसले आता.

गुरुबसप्पा : चक्र नको आज.

शरणम्मा : मंग काय करू? आन् कायबी म्हनलात तर बघा!

गुरुबसप्पा : शेपू.

शरणम्मा : काय?

गुरुबसप्पा : शेपू. मुगाची डाळ घालून. वरनं लसनाची फोडनी.

शरणम्मा : तुम्हाला शेपू आवडतोय?

गुरुबसप्पा : लहानपनापासून.

शरणम्मा : यव्वा! ऐका हो मुज्तबाभाई! एवढा संसार झाला, एकदा तोंडातनं काढलं न्हाई ह्यांनी! केवळाबाई अजून कोपऱ्यावर असंल, मीच आनते जाऊन. पन अहो, शेपू बघून पोरं नाकं मुरडतील.

गुरुबसप्पा : मुरडू दे. खानावळ कुनाची हाय, ते वर लिहिलंय.